कोविडनंतर छातीत गाठी दिसल्या, डॉक्टर 'सारकॉइडोसिस' म्हणतात. हे नक्की कसं ठरतं?

कोविडनंतर दोन महिने खोकला, सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना सुजलेल्या लसिका ग्रंथी, आणि घरच्यांचा 'टीबी तर नाही ना?' हा प्रश्न. आपल्याकडे ही शंका रास्तच आहे. सारकॉइडोसिस म्हणजे प्रतिकारशक्तीच्या गडबडीमुळे फुप्फुसं, लसिका ग्रंथी, कधी डोळे किंवा हृदयातही सूज येण्याचा आजार. दोन्ही आजारांत पेशींचे सूक्ष्म पुंजके, म्हणजे ग्रॅन्युलोमा, बनतात. क्षयरोगात त्यांच्या मध्यभागी बहुधा पनीरासारखा भुसभुशीत मृत भाग सापडतो, सारकॉइडोसिसमध्ये सहसा नाही.

म्हणून नुसत्या स्कॅनवर सहसा भागत नाही, तुकडा काढावाच लागतो. ईबस तपासणीत तोंडातून दुर्बीण श्वासनलिकेत नेतात आणि सोनोग्राफीत बघत ग्रंथीत सुई घालतात. तोच नमुना जीनएक्सपर्ट (टीबीचे जंतू शोधणारी जलद चाचणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून बघण्याची तपासणी) पाठवला की नाही, हे आवर्जून विचारा. कल्चरला सहा-आठ आठवडे लागू शकतात. सारकॉइडोसिस समजून घाईने स्टिरॉइड सुरू झालं आणि आत टीबी निघाला, तर तो बळावतो.

मँटू (टीबीसाठीची त्वचेवरची चाचणी) निगेटिव्ह आली म्हणून हुरळू नका, सारकॉइडोसिसमध्ये ती बऱ्याचदा निगेटिव्हच येते, पण टीबी असूनही येऊ शकते. रक्तातल्या 'एस' (ACE) या एन्झाइमच्या पातळीवरही माझा फारसा भरवसा नाही, ती इतर आजारांतही वाढते. कॅल्शियम, ईसीजी आणि डोळ्यांची तपासणी मात्र हवीच.

कोविडमुळेच झालं का? तशा केसेस नोंदल्या गेल्यात, पण कार्यकारण सिद्ध नाही. कधी कधी आजार आधीपासूनच असतो, कोविडच्या निमित्ताने केलेल्या स्कॅनमध्ये दिसतो इतकंच.