पहिली सर्व्हिस होईपर्यंत सजावटीचा खर्च थांबवा

प्रश्न : मी लातूरला दंतवैद्यक व्यवसाय करतो. दिवाळीत हजार सीसीची स्पोर्ट टूरिंग मोटारसायकल कर्जावर घेतली. हप्ता २६,००० रुपये असून सर्व खर्च वजा जाता महिन्याला सुमारे २०,००० रुपये उरतात. पूर्ण एक्झॉस्ट (सायलेन्सरसह धुराची नळी, ९०,०००), पॅनियर (मागे दोन्ही बाजूंना लावायच्या सामानाच्या पेट्या), उंच विंडस्क्रीन, हँडलबार रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे), जादा दिवे आणि क्रॅश गार्ड मिळून २,१०,००० रुपये लागतील. ५ लाखांची मुदत ठेव मोडावी की क्रेडिट कार्डावर हप्ते करावेत?

उत्तर : डॉक्टर, माझ्या मते यांपैकी काहीही करू नये. १४ टक्के दराने २४ महिन्यांचे हप्ते केले, तर दरमहा सुमारे १०,०८० रुपये जातील आणि व्याजापोटी जवळपास ३२,००० रुपये भरावे लागतील. शिवाय कार्डाच्या हप्त्यांतील व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो वेगळाच. मुदत ठेवीला तर हातच लावू नका, कारण आपली कमाई आपल्या दोन मनगटांवर उभी आहे. पडून मनगटाचे हाड मोडले आणि दोन-तीन महिने हातात हत्यार धरता आले नाही, तरी दवाखान्याचे भाडे, मदतनिसांचे पगार आणि गाडीचा हप्ता थांबणार नाही. वाहनाच्या पॉलिसीबरोबरचे १५ लाखांचे मालक-चालक अपघात संरक्षण मृत्यू व कायमच्या अपंगत्वासाठी असते. तात्पुरत्या अपंगत्वात बुडालेले उत्पन्न त्यातून मिळत नाही. असे उत्पन्न भरून देणारी वैयक्तिक अपघात पॉलिसी विंडस्क्रीनच्या आधी घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

पहिल्या १,००० किलोमीटरमध्ये पिस्टन रिंगा सिलिंडरमध्ये बसत असतात आणि नव्या भागांच्या घर्षणातून सुटणारे धातूचे बारीक कण तेलात उतरतात, म्हणूनच पहिल्या सर्व्हिसला तेल आणि ऑइल फिल्टर बदलतात. तोवर पुस्तिकेत दिलेली आरपीएमची (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांची) मर्यादा पाळायची असल्याने एक्झॉस्टचा उपयोग तसाही होणार नाही. या काळात सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण) आणि ब्रेक-क्लचच्या लिव्हर आपल्या अंगाला जुळवून घ्या. त्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, आणि पाठ किंवा मनगट दुखण्याची तक्रार कित्येकदा तिथेच मिटते, मग रायझरची गरज उरत नाही. उंच विंडस्क्रीनबद्दलही घाई नको, कारण एप्रिल-मे महिन्यांत चाळिशीपार गेलेल्या उन्हात छातीवर लागणारा वारा हवासा वाटतो.

क्रॅश गार्ड, चांगले हातमोजे आणि जॅकेट मात्र शिलकीतून लगेच घ्यावेत. जादा दिव्यांची बाजूही मला पटते. समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही, त्यामुळे आपला प्रवास साध्या महामार्गांवरूनच होणार, आणि गाळप हंगामात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात अचानक समोर येते, हे आपण जाणताच. फक्त मूळ वायरिंग न कापता स्वतंत्र रिले (दिव्यांचा प्रवाह वेगळा चालू-बंद करणारा विद्युत स्विच) लावून दिवे बसवून घ्या, अन्यथा विजेच्या बिघाडाचा वॉरंटी दावा नाकारला जाऊ शकतो. पॅनियर पहिल्या सर्व्हिसनंतर, दोन महिन्यांच्या शिलकीतून घेता येतील.

एक्झॉस्टचा विचार मात्र सोडूनच द्यावा. पूर्ण एक्झॉस्ट बदलताना बहुधा धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही निघतो, आवाज वाढतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचा विषय होतो. शिवाय गाडी विकताना या ९०,००० रुपयांपैकी फारच थोडे परत येतात, कारण पुढचा खरेदीदार मूळ सायलेन्सरच मागतो.

दिवे आणि पॅनियर बसवल्यावर त्यांची बिले विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत नोंदवून घ्या, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवा.