क्रिबची पिल्लं चार दिवसांत गायब होतात त्याबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की दोन फुटी टँक, त्यात क्रिबेन्सिस (थोडक्यात क्रिब) ह्या माशाची एक जोडी, सोबत काही निऑन टेट्रा हे छोटे मासे आणि एक सकर म्हणजे काचेला चिकटणारा मासा, मादीने दोनदा अंडी घातली, दोन्ही वेळा पिल्लं पोहताना दिसली आणि चारेक दिवसांत हळूहळू सगळी संपली. आणि दुकानदाराचं म्हणणं की आईबापच खातात, पुढच्या वेळी अंडी काढून डब्यात मिथिलिन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध) टाकून वेगळी ठेवा.

अजिबात काढू नका. अंड्यांपासून पिल्लं पोहायला लागेपर्यंत मजल गेली ना, मग नर मादी दोन्ही धडधाकट आहेत, पाणी त्यांना मानवलंय, अंडी घालायची जागा पण आवडलीय. बरेच जण ह्याच टप्प्यावर वर्षभर अडकलेले असतात, विशेषतः ज्यांनी सुरुवातच इलेक्ट्रिक ब्लू रामपासून केली ते (सुंदर मासा आहे, पण सुरुवातीला घेऊ नये असं माझं स्पष्ट मत). तुमचं घोडं अडलंय त्याच्या पुढे. पिल्लांना खायला काही मिळालं नाही आणि पिल्लं खाणारे मात्र टँकमध्येच हजर होते, एवढीच गोष्ट आहे.

आता हे मी कशावरून म्हणतो तर तुम्ही दिलेल्या दिवसांवरून. क्रिबची अंडी २६-२७ डिग्रीला साधारण तिसऱ्या दिवशी फुटतात, मग ती पिल्लं शेपटी वळवळवत खाली एका जागी पडून राहतात, पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी असते त्यावर जगतात, आणि अंडी घातल्यापासून सातव्या-आठव्या दिवशी पोहायला लागतात. तोपर्यंत बाहेरून काही द्यायची गरज नाही, दिलं तर फक्त पाणी घाण होतं. पण पोहायला लागली की पिशवी जवळजवळ रिकामी झालेली असते आणि तिथून पुढे दोन-चार दिवस म्हणजे त्यांची शेवटची मुदत. रोज थोडी थोडी कमी होत जाऊन चौथ्या दिवशी शून्य झाली तर ती उपाशी मेली असं धरून चाला. रात्री झुंड होती आणि सकाळी एकदम एकही नाही असं झालं असतं तर मी आधी सकरवर संशय घेतला असता. तुमच्याकडे बहुतेक दोन्ही थोडं थोडं झालंय.

आईबाप खातात हे लोकांना का वाटतं ते सांगतो. पिल्लू झुंडीतून भरकटलं की नर किंवा मादी जाऊन त्याला सरळ तोंडात घेते. बघणाऱ्याला वाटतं गेलं! पण थांबून बघा, ती परत झुंडीपाशी येते आणि फू करून थुंकते, पिल्लू बाकीच्यांत मिसळतं. संध्याकाळी तर हा कार्यक्रम जोरात चालतो कारण अंधार पडायच्या आत सगळ्यांना गुहेत नाहीतर खड्ड्यात जमा करायचं असतं. म्हणून टँकचा लाईट खटकन बंद करू नका, आधी खोलीतला दिवा लावा, मग टँकचा बंद करा आणि वीस-पंचवीस मिनिटांनी खोलीतला. एकदम काळोख झाला तर अर्धी पिल्लं बाहेरच राहतात. पहिल्या एक-दोन वेळेला नवीन जोडी खरंच अंडी खाते, विशेषतः घाबरली किंवा अंड्यांना बुरशी आली तर, पण तो टप्पा तुमच्या जोडीने कधीच पार केलाय.

आता सकर. दुकानात ह्याला टँक साफ करणारा म्हणून गळ्यात मारतात. रात्री क्रिबना नीट दिसत नाही, सकर मात्र रात्रीच फिरतो आणि तळाला जे मिळेल ते खातो, पिल्लं तर तळालाच झोपलेली. त्यात तो मोठा होऊन फूटभराचा होणार, दोन फुटी टँकमध्ये तसाही त्याचा निभाव नाही. त्याला आजच दुसरीकडे हलवा. निऑन दिवसा पिल्लं टिपतात. पिल्लं नसताना वरच्या थरात लहान मासे असले तर क्रिबच्या जोडीला बरं असतं, राग काढायला कोणीतरी मिळतं आणि जोडी एकमेकांना धरून राहते, पण पिल्लं बाहेर आली की क्रिब निऑनना कोपऱ्यात दाबून ठेवतात आणि तरी निऑन पिल्लं खातातच, म्हणजे दोघांचेही हाल. दुसरा टँक असेल तर निऑन पण हलवा.

आणि मुख्य मुद्दा खाणं. पावडर फूड चिमटीने टाकलं आणि पिल्लांनी खाल्लं असं समजू नका. क्रिबची पिल्लं त्यातल्या त्यात मोठी असतात म्हणून त्यांना इन्फ्युझोरियाच्या (पाण्यातल्या सूक्ष्म जीवांच्या) भानगडीत पडावं लागत नाही, पहिल्या दिवसापासून ताजा फुटलेला आर्टेमिया म्हणजे बेबी ब्राईन श्रिंप, कोळंबीसारखा बारीक जीव, आरामात खातात. हलणारं खाणं दिसलं की तुटून पडतात. सेटअप घरचाच करा. कोल्ड्रिंकची लिटरची बाटली घ्या, बूड कापून टाका, झाकण घट्ट लावून उलटी उभी करा, एअर पंपची नळी थेट खाली झाकणापर्यंत सोडा म्हणजे अंडी तळाला बसत नाहीत. एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम जाडं मीठ, चिमूटभर खायचा सोडा, पाव चमचा आर्टेमियाची अंडी, आणि शेजारी बल्ब. तापमान २६ ते २८ असेल तर साधारण चोवीस तासांत फुटतात, थंडीत दीड दिवस पण लागतो.

काढताना हवा बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तपकिरी साय धरल्यासारखी तरंगतात, न फुटलेली अंडी एकदम तळाला जातात आणि जिवंत आर्टेमिया उजेडाच्या बाजूला नारिंगी ढग करून गोळा होतो. तो ढग तेवढा बारीक नळीने ओढून घ्या, जुन्या मऊ रुमालातून गाळा, गोड्या पाण्याने एकदा धुवा आणि ड्रॉपरने पिल्लांच्या झुंडीच्या डोक्यावर सोडा. टरफलं टँकमध्ये जाऊ देऊ नका, पिल्लांच्या आतड्यात अडकतात. अर्ध्या तासाने भिंग घेऊन बघा, पोटं नारिंगी दिसली पाहिजेत. ज्यांची पोटं नारिंगी झाली नाहीत ती पिल्लं जगत नाहीत, त्यामुळे मला तरी ह्यापेक्षा खात्रीची टेस्ट माहीत नाही. आर्टेमिया खाऱ्या पाण्यातला प्राणी, गोड्या पाण्यात काही तास तगतो मग मरतो आणि सडतो, म्हणून एकदम ढीग ओतायचा नाही, थोडं थोडं दिवसातून तीन-चार वेळा. दोन बाटल्या आलटून पालटून चालवल्या की रोज ताजा मिळतो.

टायमिंग असं ठेवा की मादी गुहेत शिरून फक्त खायला बाहेर येतेय असं दिसलं की तो पहिला दिवस, सहाव्या दिवशी पहिली बाटली लावायची. पण त्याच्याही आधी, आत्ता, अंडी नसतानाच एक ट्रायल बाटली लावून बघा कारण सुट्या पुडीतली आर्टेमिया अंडी बऱ्याचदा शिळी निघतात, दमट हवेत उघडी राहिलेली असतात आणि दहातली दोन फुटतात. चांगली मिळाली की घट्ट डब्यात घालून फ्रीजमध्ये. घरच्यांना आधी सांगून ठेवा नाहीतर कोणीतरी मोहरी समजून फोडणीत टाकेल.

आर्टेमिया महाग वाटत असेल तर मायक्रोवर्म, म्हणजे घरी वाढवता येणाऱ्या अगदी बारीक अळ्या. ओट्सची घट्टसर पेज करून गार करायची, डब्यात पसरायची, कोणाकडून तरी चमचाभर कल्चर आणून त्यात टाकायचं, झाकणाला भोकं. काही दिवसांत डब्याच्या भिंतीवर अळ्या चढायला लागतात, त्या बोटाने पुसून टँकमध्ये. तळाला बसतात आणि क्रिबची पिल्लं तळालाच चरतात त्यामुळे जमतं. नुसत्या मायक्रोवर्मवर वाढ मंद होते पण, जोडीला आर्टेमिया हवाच. उकडलेल्या अंड्याचा बलक मात्र नको. आपल्याकडे सगळे हाच सल्ला देतात, आणि दोन फुटी टँकमध्ये (दोन बाय एक बाय एक धरला तर साधारण ५६ लिटर) बलकाने एका दिवसात पाणी दुधाळ होतं. पिल्लं भुकेने नाही तर अमोनियाने जातात, एवढाच फरक.

फिल्टर कोणता आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये. आतला पॉवर फिल्टर असेल तर तो पिल्लं ओढून घेतो, गायब झालेल्यांतली काही तिथेच सापडतील. पिल्लं असेपर्यंत साधा स्पंज फिल्टर लावा, स्पंजवर बारीक जीव पण जमतात आणि पिल्लं ते दिवसभर टिपत बसतात. पाणी रोज दहा टक्के बदला, एअर पंपच्याच नळीने हळू सायफन करा, बादली ओतायच्या आधी टॉर्च मारून बघा, एक-दोन पिल्लं त्यात असतातच. नवीन पाणी त्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं. हायपोचे खडे किंवा बाटलीतलं अँटीक्लोरीन काहीही चालेल.

पीएचबद्दल वेगळं सांगतो कारण तुम्ही विचारलंय की दरवेळी नरच जास्त निघतात हे खरं का. काही अंशी खरं आहे. क्रिबमध्ये पिल्लं नर होणार की मादी हे सुरुवातीच्या आठवड्यांतल्या पाण्याच्या पीएचवर बरंच अवलंबून असतं, १९८५ साली ह्यावर पेपर आलाय आणि नंतरही काम झालंय. पाणी चांगलंच आम्लधर्मी, साडेपाचच्या आसपास असेल तर नरांची संख्या फार होते, सातकडे गेलं की माद्या वाढतात. म्हणून क्रिबसाठी पीएच पाडायच्या नादाला लागू नका. मूळचा दक्षिण नायजेरियातल्या संथ पाण्यातला मासा आहे पण दुकानात येतात ते जवळजवळ सगळे फार्मवर वाढलेले, नळाचं पाणी त्यांना चालतं. रस्त्याकडेच्या बदामाची वाळलेली पानं एक-दोन टाकलीत तर उत्तम, आडोसा मिळतो. बोअरच्या जड पाण्यात त्या पानांनी पीएच फारसा हलत पण नाही.

गुहेसाठी तुम्ही करवंटी ठेवलीय ते ठीक, पण तोंड फार मोठं आहे असं वाटतंय. संक्रांतीचं न रंगवलेलं सुगड घ्या, दोन दिवस पाण्यात भिजवा, आडवं करून अर्धं वाळूत पुरा आणि तोंडाशी एक चपटा दगड असा टेकवा की मादी जेमतेम आत जाईल. मादीला स्वतः वाळू उपसून दार लहान-मोठं करायला आवडतं, तोंडात वाळू भरून बाहेर आणून टाकते, तेवढी वाळू तळाला असू द्या. नर बाहेर पहाऱ्याला. पिल्लं बाहेर आल्यावर कधीकधी मादी नरालाच झोडपायला लागते, दोन फुटी टँकमध्ये त्याला पळायला जागा नसते. पंख फाटलेले दिसले तर नराला काढा, पिल्लं मादी एकटी सांभाळते.

महिनाभरात पिल्लं सेंटीमीटरभर होतात आणि तोवर जोडीला परत अंडी घालायची घाई झालेली असते, मग आधीच्याच पिल्लांना ती हाकलायला लागते. तेव्हा पिल्लं दुसऱ्या टँकमध्ये. आणि ही खरी अडचण आहे बरं का, एका वेळेला शंभर पिल्लं पण होऊ शकतात, रंग यायला तीन-चार महिने लागतात आणि बिनरंगाची क्रिब दुकानदार घेत नाही. त्यामुळे एकदा पुरेशी पिल्लं वाढवून झाली की पुढच्या खेपेला निऑन परत आत सोडा, निसर्ग आपोआप होऊ द्या. तळ्यात, नदीत नेऊन सोडणं हा पर्याय नाही. उजनीवर जी चिलापी ताटात येते ती पण क्रिबसारखीच सिक्लिड कुळातली आहे आणि ती पण बाहेरूनच आलेली, तिने आपल्या धरणांत काय हातपाय पसरलेत ते दिसतंच आहे.

सध्या पंधरा दिवस जोडीला चांगलं खायला घाला, फ्रोझन ब्लडवर्म किंवा डासांच्या अळ्या (कोष व्हायच्या आत संपवा, नाहीतर सोसायटीवाले आणि महापालिका दोघं दारात येतील). ट्युबिफेक्स म्हणजे लाल बारीक किडा, तो जिवंत मी देत नाही, गटारातला असतो. फिल्टर कोणता आहे आणि पीएच किती येतो तेवढं कळवा, आणि ट्रायल बाटलीतली अंडी किती फुटली ते पण.