मालवणला जाताय? आधी तिथी बघा

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं मालवणला येतोय: मी, नवरा, बारा वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई. मुलीला स्कूबा करायचंय, नवऱ्याला वॉटर स्पोर्ट्स, सासूबाईंना सिंधुदुर्ग किल्ला. एका एजंटाने तिन्ही गोष्टी एकाच दिवसात 'कव्हर' करून देतो म्हटलंय. घ्यावं का ते पॅकेज? आम्हाला कुणालाच पोहता येत नाही.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नका घेऊ. पैसे जास्त आहेत म्हणून नव्हे. एजंट तुमचा दिवस त्याच्या गाडीच्या वेळेवर बसवणार, आणि आमच्याकडे दिवस बसतो भरती-ओहोटीवर.

कालनिर्णय काढा आणि तुम्ही याल त्या दिवसाची तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास भरती आणि दुपारी पावणेदोनला ओहोटी. चतुर्थी असेल तर भरती दुपारी तीनला, म्हणून ओहोटी सकाळी पावणेनऊ-नऊला. थोडं इकडेतिकडे होतं, पण आमचे गाबीत, म्हणजे मच्छीमार बांधव याच हिशोबावर पिढ्यान् पिढ्या होड्या लोटत आलेत.

आता हे तुमच्या कामाचं कसं? सासूबाईंचा किल्ला भरतीच्या आसपास करा. धक्क्यावरून किल्ल्यापर्यंतचा प्रवास जेमतेम पंधरा मिनिटांचा, त्यात काही अवघड नाही. अवघड आहे ते होडीत पाय टाकणं. ओहोटीला होडी पायरीच्या बरीच खाली जाते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला वरून खाली उतरावं लागतं, तेही हलत्या फळीवर. भरतीला होडी जवळजवळ पायरीला लागते. खलाशाचा हात धरायला सांगा, होडीची दांडी नको.

उलट मालवणजवळच्या देवबागचं सुनामी बेट बघणार असाल तर ते ओहोटीलाच बघायचं. बेट कसलं, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथली वाळूची दांडी. २००४च्या सुनामीनंतर ती वर आली असं देवबागकर सांगतात. भरतीला गेलात तर बेटाच्या नावाखाली कमरेएवढ्या पाण्यात उभे राहाल. म्हणजे दशमीला सकाळी किल्ला आणि दुपारी बेट, चतुर्थीला सकाळी बेट आणि दुपारी किल्ला. हा हिशोब एजंट करत नाही.

किल्ल्यावर होडीवाले साधारण तासाभराची वेळ देतात, ती पुरत नाही. जाताना मागून घ्या. कुरटे बेटावरचं हे बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ला सुरू झालं आणि १६६७मध्ये पुरं झालं. काम हिरोजी इंदुलकरांकडे होतं, तटाच्या पायात शिसं ओतलंय. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे ते कळत नाही, मुलीला तो आधी शोधायला लावा. आत राजाराम महाराजांनी १६९५मध्ये बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. तिथल्या शिवाजी महाराजांच्या मूर्तीला दाढी नाही, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथे उभ्या राहून वाद घालतील. चारी बाजूंनी खारं पाणी असून दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरींचं पाणी गोडं. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. त्यांच्याकडचं कोकम सरबत प्या आणि अंगणातून जाताना आवाज जरा कमी ठेवा. लोकांची घरं आहेत ती.

स्कूबासाठी पोहता यायची गरज नाही, मुलीचं वयही चालतं. पण सर्दी झाली असेल तर त्या दिवशी नको, कारण कानातला दाब मोकळा होत नाही. दमा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरूच नये. दोन गोष्टी मुलीकडून घरीच गिरवून घ्या. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, म्हणजे कान उघडतात. हे खाली जाताना दर थोड्या वेळाने करायचं, दुखायला लागल्यावर नव्हे. आणि श्वास कधीही रोखून धरायचा नाही, तोंडाने सावकाश चालू ठेवायचा. अंगठा वर केला की पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर न्या' असा होतो. आपली मुलं खुशीत अंगठा दाखवतात आणि ट्रेनर बिचारा त्यांना वर घेऊन येतो. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा.

सकाळी लवकरची वेळ मागा. दुपारनंतर वारा धरतो आणि पाणी गढूळ होतं. खाली फोटोसाठी मासे जमावेत म्हणून कुणी पाव टाकायला लागलं तर नको म्हणा, प्रवाळावर पाय टेकू नका. हा मालवण सागरी अभयारण्याचा भाग आहे, १९८७पासून.

आणि स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवू नका. पाण्याखालून आल्यावर निदान अठरा तास विमानात बसायचं नसतं, म्हणजे चिपी विमानतळावरून उडणार असाल तर अडचण. गाडीने जाणाऱ्यांना वाटतं आपल्याला काय त्याचं, पण पुण्याला जाताना घाट चढावाच लागतो आणि वर हवेचा दाब कमीच. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूबा, तिसऱ्या दिवशी घाट, असं बसवा.

नवऱ्याच्या वॉटर स्पोर्ट्सबद्दल माझं मत विचाराल तर जेट स्की आणि पॅरासेलिंग सुरू होईपर्यंत संपतात. बनाना राईडवाले शेवटी मुद्दाम उलटं पाडतात. नको असेल तर बसायच्या आधी सांगा आणि जॅकेटचे सगळे पट्टे स्वतः ओढून बघा. त्यापेक्षा तेच पैसे कर्लीतल्या होडीवर घाला. एका बाजूला देवबागची माडांची चिंचोळी पट्टी, दुसऱ्या बाजूला कांदळवन. सासूबाईही येतील.

प्रश्न : दशावतार रंगमंचावर पाहिलाय, गावातला पाहायचाय. बाहेरच्यांना बसू देतात का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बसू देतात म्हणजे काय, जागा करून देतात. तिकीट नाही. कार्तिकापासून गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेच्या रात्री पालखी फिरली की नाटक. तारखा इंटरनेटवर शोधत बसू नका. घरमालकाला किंवा रिक्षावाल्याला विचारा, "आज खंयची जत्रा?" आसपास कुठेतरी असतेच.

आधी गणपती, सरस्वती, मग संकासुर राक्षसाचा धिंगाणा, त्यानंतर मुख्य आख्यान. पेटी, मृदंग, झांज, आणि रंगमंचावर एक बाकडं. तेच सिंहासन, तेच रथ. संवाद लिहिलेले नसतात. दोन मुरलेले नट समोरासमोर आले की धर्म-अधर्मावर वाद रंगतो, समोरच्या म्हाताऱ्या मंडळींची दाद मिळाली की आणखी लांबतो. पहाटे दहीहंडी फोडून संपतं. स्वेटर आणि बसायला चादर घ्या, डिसेंबरात दव पडतं.

लवकर गेलात तर देवळाच्या बाजूला नट रंगायला बसलेले दिसतील. आरसा गुडघ्यावर, तोंडात विडी आणि एका हाताने नऊवारीच्या निऱ्या. स्त्रीपात्रंही पुरुषच करतात. फोटो विचारून काढा, खेळ चालू असताना फ्लॅश मारू नका. आणि जत्रेतलं आलं-गुळाचं खाजं घेतल्याशिवाय परतू नका.

प्रश्न : मुलांच्या परीक्षा आणि क्लास आटपून जून उजाडतो. तेव्हा आलं तर चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : यायला चालेल, पाण्यात जायला नाही. २६ मे ते ३१ ऑगस्ट किल्ल्याच्या होड्या आणि सगळे जलक्रीडा प्रकार बंद असतात. जून-जुलैत मासेमारीही बंद, तेव्हा ताटात खाडीचं किंवा सुकं येईल. बांगड्याचं तिकलं खायचं असेल तर दिवाळीनंतरच या. दिवाळीच्या पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी गावभर फिरते, तेवढा मुहूर्त साधला तर उत्तम. फक्त गणपतीत खोली मागू नका, तेव्हा आमच्याच घरात मुंबईकरांना झोपायला जागा नसते.