'स्वयंसेवक' लिहू की 'सेवेकरी'?

पुण्यातल्या एका एमएसडब्ल्यूच्या विद्यार्थिनीने विचारलंय की देवस्थानं, दिंड्या, मठ अशा ठिकाणी लोक बिनपगारी काम करतात त्यावर माझा प्रोजेक्ट आहे, तर प्रश्नावलीत व्हॉलंटियरला 'स्वयंसेवक' म्हणू की 'सेवेकरी'?

माझं स्पष्ट मत, प्रश्नावलीत दोन्ही नकोत.

आषाढीच्या वारीत माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाला आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला मुक्कामी असते ना, तेव्हा त्या भागात फिरून बघा, कुणी वारकऱ्यांची फुकट दाढी-कटिंग करतंय, कुणी चपलेचा तुटलेला अंगठा शिवून देतंय, कुणी पाय चेपतंय. कटिंग करणाऱ्या दादांना "तुम्ही स्वयंसेवक का?" विचारलंत तर ते म्हणणार, छे हो, माउलींची सेवा चाललीय. म्हणजे फॉर्मवर 'नाही' आणि त्यांचं दिवसभराचं काम तुमच्या अभ्यासातून गायब! 'स्वयंसेवक' म्हटलं की आपल्याकडे आधी संघ आठवतो, नाहीतर बिल्ला लावून गर्दी आवरणारी पोरं. गणपती मंडळात तर सगळे 'कार्यकर्ते'च, वर्गणी गोळा करण्यापासून रात्री मांडवात झोपण्यापर्यंत.

बरं मग 'सेवेकरी' का नको, तर 'सेवा' हा शब्द फार ऐसपैस आहे. गवई देवापुढे सेवा रुजू करतो, स्वामी समर्थ केंद्रात पारायण ही सेवा आणि हॉल झाडणं हीपण सेवा. भक्ताच्या मनात त्यात फरक नसतो आणि मला ते फार मोलाचं वाटतं, पण मोजणाऱ्याला फरक करावाच लागतो. लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात हे मोजणाऱ्या केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी स्वयंसेवा ५ व्या गटात आहे आणि धार्मिक आचरण ७ व्या गटात, आता महाप्रसादाच्या पोळ्या लाटणाऱ्या काकू कुठल्या गटात टाकणार? मानकऱ्यांचं आणखी वेगळं, त्यांचं काम पिढीजात मानाचं, बिनपगारी खरं पण आपणहून निवडलेलं म्हणता येईल का ते बघावं लागेल.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेतही हेच आहे, की व्हॉलंटियर हा शब्दच न वापरता थेट कामाबद्दल विचारा. म्हणून लिहा, "गेल्या महिन्याभरात मंदिर, दिंडी किंवा मठासाठी पैसे न घेता काही काम केलंत का? कोणतं? साधारण किती तास?" आणि पुढे एक प्रश्न नक्की घाला, "या कामाला कुणाच्या ओळखीने आलात?" कारण पुटनम आणि कॅम्पबेल या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांना अमेरिकेत असं दिसलं की धार्मिक माणसं जास्त स्वयंसेवा करतात ती श्रद्धेपेक्षा प्रार्थनास्थळातल्या दोस्तीमुळे, आणि दिंडीच्या बाबतीत हे तपासून बघण्यासारखं आहे.

रिपोर्टच्या शीर्षकात 'स्वयंसेवा' खुशाल लिहा, तो वाचणारे अभ्यासकच असतील.