जीन पाथवे अ‍ॅनालिसिस शिकताना सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न मला असा कळला: मायक्रोबायोलॉजी करून बायोइन्फॉर्मॅटिक्सकडे वळलात, आरएनए सीक्वेन्सिंगमधून (कुठला जीन किती चालू आहे ते मोजणारी पद्धत) बदल दाखवणाऱ्या ४०० जीन्सची यादी हाती आली. ती एका टूलमध्ये टाकली की रंगीत आलेख येतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही. तर आधी आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकू, संख्याशास्त्र शिकू की जीवशास्त्र?

माझं म्हणणं, आधी एकच पाथवे (म्हणजे पेशीतलं एखादं काम मिळून करणाऱ्या जीन्सचा गट) कागद-पेन घेऊन हाताने मोजा. अर्धा तास लागेल, पण त्यानंतर कुठलंही टूल तुम्हाला परकं वाटणार नाही.

माणसात प्रथिनं बनवणारे साधारण २०,००० जीन्स आहेत. समजा एका पाथवेत त्यातले २०० आहेत, म्हणजे १ टक्का. मग डोळे मिटून ४०० जीन्स उचलले तरी त्यात या पाथवेचे सरासरी ४ येणारच. तुमच्या यादीत १२ आले, म्हणजे तिप्पट. योगायोगाने इतके यायची शक्यता हजारात एखाद्या वेळची. फिशरची चाचणी म्हणा की हायपरजिओमेट्रिक म्हणा, आत चाललेलं असतं ते एवढंच.

आता खरी गोम. तुमच्या पेशींमध्ये सगळे २०,००० जीन्स चालू नसतात. समजा १२,००० चालू आहेत आणि त्यात या पाथवेचे १८०. मग अपेक्षा ४ ची नाही, ६ ची. तेच १२ आता फक्त दुप्पट ठरतात, आणि असं शंभरात एकदोनदा आपसूकही घडतं. एका वेळी हजारो पाथवे तपासताना त्याला काहीच किंमत उरत नाही. म्हणूनच साधी पी-व्हॅल्यू (योगायोगाची ही शक्यता) सोडून, किती पाथवे तपासले ते धरून बेंजामिनी-हॉकबर्ग पद्धतीने दुरुस्त केलेली व्हॅल्यू बघायची. ज्या गटाशी तुलना करतो त्याला बॅकग्राउंड म्हणतात आणि बरीच टूल्स ते न विचारताच अख्खा जीनोम, म्हणजे सगळेच जीन्स, धरतात.

यात मी स्वतः फसलोय. औषध दिलेल्या रक्तपेशींचा डेटा होता, बॅकग्राउंड बदललं नाही, आणि वरच्या दहाही ओळींत रोगप्रतिकारशक्ती! दोन आठवडे मी त्यावर विचार करत होतो. रक्तपेशींत ते जीन्स चालू असणारच, औषधाचा त्याच्याशी संबंध नव्हता. तुम्ही एक प्रयोग नक्की करा: तुमच्या डेटात चालू असलेल्या जीन्समधून ४०० रँडम उचला आणि अख्ख्या जीनोमचं बॅकग्राउंड ठेवून टूलमध्ये टाका. निरर्थक यादीलाही छान छान पाथवे लाभतात. ते एकदा डोळ्यांनी बघा.

दुसरं, पाथवेच्या नावावर जाऊ नका. केग या जपानी डेटाबेसमध्ये पार्किन्सन, हंटिंग्टन आणि अल्झायमर असे तीन वेगळे पाथवे दिसतात, पण तिन्हींत मायटोकॉन्ड्रियाचे (पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग) बरेचसे जीन्स सामायिक आहेत. स्नायूंच्या डेटात पार्किन्सन वर आला तर बहुधा मायटोकॉन्ड्रिया बोलतोय. तसंच कोविडच्या पाथवेत रायबोसोमची (पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र) प्रथिनं भरलेली आहेत. म्हणून प्रत्येक निकालामागचे नेमके जीन्स उघडून वाचा. तुमचं मायक्रोबायोलॉजी इथे कामाला येईल. कोड लिहिणाऱ्या अनेकांकडे नेमकी हीच नजर नसते.

४०० चा आकडा आला कुठून, हेही स्वतःला विचारा. कुठेतरी रेघ मारली म्हणून. रेघेच्या जरा खाली राहिलेले जीन्स वाया जातात. २००३ मध्ये मधुमेहींच्या स्नायूंवरचा एक अभ्यास आला. ऑक्सिडेटिव्ह फॉस्फोरिलेशनचे (मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा बनवण्याची प्रक्रिया) जीन्स जेमतेम २० टक्के घटले होते, एकेकटा बघितला तर कुणीच लक्षात आला नसता, पण सगळे मिळून एकाच दिशेने घसरले होते. त्याच विचारातून जीएसईए (जीन सेट एन्रिचमेंट अ‍ॅनालिसिस) पद्धत उभी राहिली. तिला कापलेली यादी लागत नाही, सगळे जीन्स बदलाच्या क्रमाने लावून द्यायचे. हाताने मोजणं जमलं की लगेच हिच्याकडे वळा.

आर शिकायचंच आहे, पण कामापुरतं: फाइल वाचणं, टेबल गाळणं, जोडणं. मग पाथवे तपासणारं क्लस्टरप्रोफायलर हे आरचं पॅकेज घ्या. जीनची नावं मात्र एक्सेलमध्ये उघडू नका. मार्च१, सेप्ट२ अशा नावांच्या तो तारखा करतो. त्यापायी २०२० मध्ये त्या जीन्सची अधिकृत नावंच बदलावी लागली. जीन्सचे आयडी एका डेटाबेसच्या पद्धतीतून दुसऱ्याच्या पद्धतीत बदलताना किती जीन्स गळाले, तेही दर वेळी मोजा.

स्वतःच्या डेटाला हात लावण्याआधी ‘एअरवे’ नावाचा खुला डेटासेट घ्या. श्वासनलिकेच्या स्नायूपेशी, ८ नमुने, त्यातल्या ४ ना डेक्सामेथासोन दिलेलं. हे स्टिरॉइड काय करतं ते आधीच ठाऊक आहे, त्यामुळे उत्तर पडताळता येतं. एफकेबीपी५ आणि पीईआर१ हे जीन्स वर गेलेले दिसायला हवेत. ते दिसले नाहीत तर पाथवेकडे वळूच नका, आधी नमुन्यांची लेबलं तपासा.