दिवाळीनंतर अंगणात रंग हवा असेल तर

पुण्यातल्या आपल्या छोट्या अंगणात तेरडा आणि झेंडू संपले की दिवाळीनंतर सारे ओकेबोके दिसते, तेव्हा कार्तिक-मार्गशीर्षात रंग देणारी कोणती फुले-फळे लावावीत, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते पहिला मान शेवंतीचा. तिला कळ्या धरतात त्या रात्र मोठी होऊ लागली की. जूनमध्ये पुण्यातला दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरच्या अखेरीस तो ११ तासांवर येतो. हा फरक शेवंतीला नेमका कळतो, म्हणून तिला रात्री खराखुरा अंधार मिळाला पाहिजे. माझी एक कुंडी फाटकाशी, रस्त्यावरच्या दिव्याखाली होती. नोव्हेंबर सरत आला तरी दिव्याकडच्या फांद्या नुसत्याच हिरव्यागार होत्या आणि भिंतीच्या सावलीतल्या फांद्यांवर मात्र वाटाण्याएवढ्या कळ्या दाटल्या होत्या. तेव्हापासून माझ्या सगळ्या कुंड्या परसदारी असतात. ऑगस्टपर्यंत शेंडे खुडत राहावे, म्हणजे झाड पसरते. बहर ओसरल्यावर ते वीतभर ठेवून छाटावे आणि बुडाशी येणारे फुटवे पुढच्या वर्षासाठी वेगळे लावावेत.

कोरांटी फारसे काही मागत नाही. जांभळी आणि पांढरी कुठेही शोभते. पिवळीला काटे असतात, तेव्हा ती कुंपणालाच लावावी.

फळांसाठी दुरांटा लावा, पण त्याची कुंपणासारखी कातरणी करू नका. लोक तो दर पंधरवड्याला कापतात आणि मग फळे धरत नाहीत म्हणतात. फुले नव्या फांद्यांच्या टोकांना येतात, ती टोकेच गेली तर फळे कुठून येणार? मोकळा वाढू दिला तर निळ्या-जांभळ्या फुलांमागून पिवळ्याधमक मण्यांचे घोस लोंबू लागतात आणि त्यांच्या भाराने फांदी वाकते. ही फळे विषारी आहेत, त्यामुळे घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर दुरांटा नको. गुंजेच्या लालकाळ्या बिया कितीही देखण्या असल्या तरी त्या याहून घातक असतात. ती वेल घराजवळ लावूच नये.

लहान मूल किंवा कुत्रा असलेल्या घरी मी कुंती सुचवेन. पावसाळ्यातल्या तिच्या सुगंधी पांढऱ्या फुलांची थंडीत शेंदरी-लाल फळे होतात. ती फळे पिकली की बुलबुल येतात, तेव्हा चार घोस त्यांच्यासाठी राहू द्यावेत.