आर्दुइनो ऊनो बोर्डाला जोडलेलं ईएसपी-०१ हे वायफाय मॉड्यूल ‘एटी’ या चाचणी कमांडला ‘ओके’ म्हणतं, पण वायफायला जोडताना सारखं रीसेट का होतं?

त्याला करंट पुरत नाहीये. कोड उकरत बसू नका, ३.३ व्होल्टचा वेगळा सप्लाय द्या. ऊनोची ३.३ व्होल्टची पिन अधिकृतपणे ५० मिलिअँपिअरच देते आणि हे मॉड्यूल सिग्नल पाठवताना क्षणभर ३०० च्या आसपास ओढतं. राउटरशी बोलायला गेलं की व्होल्टेज बसतं, निळा दिवा लुकलुकतो आणि स्क्रीनवर परत ‘रेडी’. पुण्यातल्या तापकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) एएमएस१११७-३.३ या व्होल्टेज रेग्युलेटरचं तयार बोर्ड मागा. त्याला ५ व्होल्ट द्या, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ईएसपीच्या सप्लायच्या पायांना अगदी खेटून लावा आणि ग्राउंड ऊनोशी जोडा (नेमकं हेच राहून जातं). सप्लाय बदलूनही ‘ओके’च्या जागी कचरा अक्षरं येत असतील, तर मात्र बॉड रेट (सिरिअल संवादाचा वेग) तपासा.